मॅच झाली नाही, तर पुढचा अर्ज

अमेरिका आणि कॅनडातल्या जेनेटिक काउन्सेलिंगच्या मास्टर्स अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी ‘मॅच’ या प्रवेशपद्धतीत जितके विद्यार्थी नाव नोंदवतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या हाती एप्रिल संपता संपता नकार येतो. त्यांत उत्तम गुण असलेले असतात, जेनेटिक्समध्ये एमएस्सी झालेले असतात, बीडीएस किंवा बीएएमएस करून या वाटेला वळलेले असतात. पुण्या-मुंबई-नागपूरहून अर्ज केलेली मुलंमुली असतात आणि तिकडेच वाढलेली मराठी घरांतलीही. पहिल्या वर्षी नाकारले गेलेले आणि पुढच्या खेपेला प्रवेश मिळालेले काउन्सेलर या क्षेत्रात पुष्कळ आहेत, आणि ते तसं मोकळेपणाने सांगतातही. हा लेख त्या पुढच्या खेपेच्या तयारीसाठी आहे.

जागा इतक्या कमी का, हे आधी नीट समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिला अभ्यासक्रम न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात १९६९ मध्ये सुरू झाला. आज अमेरिकेत असे पन्नासहून अधिक अभ्यासक्रम आहेत, पण एकेक वर्ग छोटा असतो. वीस-बावीस विद्यार्थी म्हणजे मोठा वर्ग. याचं कारण इमारतीत किंवा पैशांत नाही. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एसीजीसी या संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपूर्वी किमान ५० केसेसमध्ये अनुभवी काउन्सेलरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष भाग घ्यावा लागतो. तेवढे काउन्सेलर आणि तेवढे दवाखाने मिळाले तरच जागा वाढतात. म्हणजे निवड समिती अर्ज वाचते तेव्हा तिच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: हिला किंवा ह्याला थोड्याच महिन्यांत खऱ्या रुग्णासमोर बसवता येईल का? तुमचे गुण, प्रबंध, प्रयोगशाळेतला अनुभव हे सगळं त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे, पूर्ण उत्तर नव्हे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतात.

नकार कुठल्या पायरीवर आला?

सगळे नकार सारखे नसतात, आणि दुसऱ्या वर्षीची तयारी चुकते ती हे न ओळखल्यामुळे. ‘मला नाही मिळालं’ एवढंच धरून विद्यार्थी सगळंच थोडं थोडं वाढवतात. अजून एक कोर्स, अजून एक प्रमाणपत्र, अजून एक कॉन्फरन्स. अर्ज जाडजूड होतो, पण मूळ अडचण जिथल्या तिथे राहते.

मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नसेल, तर अडचण कागदावर आहे. आधी सर्वांत रुक्ष शक्यता तपासा. अर्ज पूर्ण होता का? जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे आधी शिकलेले विषय त्यांना हवे असतात, आणि आपल्या बीएस्सी-एमएस्सीत सायकॉलॉजीचा पेपर बहुधा नसतोच. गुणपत्रिकेचं मूल्यांकन वेळेत पोहोचलं होतं का? तीन वर्षांची बीएस्सी त्या विद्यापीठाला चालते, की त्यावर एमएस्सी लागते? काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत किंवा अगदी मोजके घेतात, आणि तसं त्यांच्या पानावर कुठेतरी खाली लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी फी भरून अर्ज केला असेल तर तो नकार तुमच्या गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही. यादीतून ती नावं काढा आणि पुढे चला.

तीन-चार मुलाखती होऊनही मॅच झाली नसेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तुमचा अर्ज चांगला आहे. तो पुन्हा मुळापासून बदलायला घेऊ नका. समितीने तुम्हाला कागदावर पसंत केलं आणि समोर भेटल्यावर दुसऱ्यांना पुढे ठेवलं, असा त्याचा अर्थ आहे. किंवा पसंतीची यादी भरताना तुमचंच काहीतरी चुकलं. त्याकडे पुढे येते.

एखादीच मुलाखत आली असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. हा गट सगळ्यांत मोठा असावा असा माझा अंदाज आहे, आणि एका वर्षाच्या नेमक्या कामाने सगळ्यांत जास्त फायदा याच गटाला होतो.

अंदाज करत बसण्यापेक्षा विचारा. नाकारलेल्या उमेदवारांना अभिप्राय देण्याची पद्धत बऱ्याच अभ्यासक्रमांत आहे. काही फोनवर बोलतात, काही दोन ओळी लिहून पाठवतात, काही ‘आम्ही देत नाही’ असं स्पष्ट कळवतात. ईमेल लहान ठेवा: संधीबद्दल आभार, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याचा विचार आहे, अर्जातल्या कुठल्या बाजूवर काम करावं हे सांगता आलं तर मदत होईल. एवढंच. ‘माझे गुण अमुक असूनही’ असं वाक्य त्यात येऊ देऊ नका. फोनवर बोलणं झालं तर ऐका आणि लिहून घ्या. आपल्याकडे शिक्षकाने उणीव दाखवली की ‘नाही मॅडम, पण मी तेही केलं होतं’ असं तोंडातून पटकन निघतं. तिथे ते निघू नये. तुम्ही केलं असेल, पण समितीला ते अर्जात दिसलं नाही; तुम्हाला हवी असलेली माहिती हीच आहे. आणि दोन वेगळ्या अभ्यासक्रमांनी एकच गोष्ट सांगितली तर तिच्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

माणसांसोबतचा अनुभव

आता सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेतल्या अर्जात एक रकाना असतो, त्याला तिकडे ‘ॲडव्होकसी’चा अनुभव म्हणतात: संकटात, आजारात, दुःखात किंवा अपंगत्वासह जगणाऱ्या माणसांसोबत तुम्ही सलग काम केलं आहे का? आपल्या विद्यार्थ्यांचा हा रकाना बहुधा एनएसएसचं शिबिर, रक्तदान शिबिरातली मदत आणि कॉलेजच्या फेस्टिव्हलचं आयोजन यांनी भरलेला असतो. ही कामं वाईट नाहीत. पण त्यांत तुम्ही रडणाऱ्या माणसासमोर गप्प बसायला शिकलात का, हे कळत नाही.

आणि हे करायला अमेरिकेत असावं लागत नाही. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था आणि मुंबईत ‘समॅरिटन्स मुंबई’ स्वयंसेवकांना ऐकण्याचं प्रशिक्षण देऊन हेल्पलाइनवर बसवतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या केंद्रांत आई-वडील तासन् तास बसून असतात; मुंबईत ‘थिंक फाउंडेशन’सारख्या संस्था त्यांच्यासोबत काम करतात. नंदुरबार, गडचिरोली, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांत सिकलसेल हा पुस्तकातला धडा नाही, गावागावातला आजार आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे तिथे तपासणीबरोबर समजावून सांगण्याचं कामही वाढलं आहे. विदर्भातला विद्यार्थी मुंबईतल्या मोठ्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळावी म्हणून धडपडतो आणि आपल्याच तालुक्यातलं हे काम अर्जात लिहायचं विसरतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी क्राइसिस टेक्स्ट लाइन हा नेहमीचा मार्ग आहे: सुमारे ३० तासांचं प्रशिक्षण आणि २०० तास काम करण्याची बांधिलकी, घरी बसून. कौटुंबिक हिंसाचारातल्या बायकांसाठीची आश्रयगृहं आहेत. महाराष्ट्र मंडळात ओळखीचं कोणी अशा कामात असतंच. विचारायला लाजू नका. काम करण्याचा परवाना असेल तर रुग्णालयात किंवा तपासणी कंपनीत जेनेटिक काउन्सेलिंग असिस्टंटची नोकरी शोधा. कुटुंबाचा इतिहास लिहून घेणं, तपासणीचे फॉर्म, विमा कंपन्यांशी पाठपुरावा अशी कामं असतात, आणि काउन्सेलरच्या शेजारीच बसायला मिळतं. पुन्हा अर्ज करणाऱ्यासाठी याहून सरस नोकरी मला माहीत नाही.

एक गोष्ट सांभाळा. जुलैपासून चार संस्थांत महिना-महिना काम करण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जा. चार ठिकाणांची नावं कागदावर भरगच्च दिसतात, पण मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला उघडी पडतात. शिवाय एका ठिकाणी टिकलात तर तिथे तुमच्याकडे लक्ष ठेवणारं कोणी असतं, आणि ती व्यक्ती तुमच्याबद्दल पत्र लिहू शकते.

काउन्सेलरसोबत दवाखान्यात बसून काम पाहणं, म्हणजे शॅडोइंग, भारतात अवघड जातं, कारण प्रशिक्षित काउन्सेलर मोजके आहेत. तरी वाटा आहेत. परळचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या सरकारी उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. शेजारच्या वाडिया रुग्णालयात मुलांचे जनुकीय आजार पाहिले जातात. कर्करोगाच्या आनुवंशिकतेचं काम टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. परवानगी मिळेलच असं नाही. रुग्णाच्या खासगीपणामुळे ती नाकारली जाते आणि ते योग्यच आहे. मिळाली नाही तर काउन्सेलरशी अर्धा तास बोलायला वेळ मागा, आणि जेनेटिक काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रम-संचालकांच्या संघटनेने तयार केलेली नमुना सत्रांची चित्रफीत-मालिका पाहा. पाहताना टिपा काढा. काउन्सेलरने काय समजावलं याच्या टिपा नव्हेत, ती कुठे थांबली याच्या.

गुण, परीक्षा, कोर्स

हे लवकर आटोपते. गुण फार कमी असतील तर ते बदलत नाहीत. पण नंतर घेतलेले एक-दोन कठीण विषय, नियमित विद्यापीठाच्या गुणपत्रिकेसह, समितीला आश्वस्त करतात. सायकॉलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स राहिलं असेल तर यंदाच करा. एनपीटीईएलचा कोर्स ज्ञानासाठी उत्तम, पण अट पूर्ण करण्यासाठी तो चालेल का, हे त्या अभ्यासक्रमाला आधी विचारा. टक्केवारीचं जीपीए स्वतःच काढून लिहू नका. मुंबई-पुण्याचे बासष्ट टक्के तिकडच्या माणसाला कमी वाटू शकतात, मूल्यांकनात ते वेगळे दिसतात. जीआरई आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. टोफेलचे गुण दोनच वर्षं चालतात. तुमची मुदत अर्जाच्या तारखेला संपलेली नसेल ना, ते पाहा.

पत्रं आणि एसओपी

साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग तिन्ही पत्रं एकाच मुलीने एकाच रात्री लिहिलेली असतात, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. ‘प्रामाणिक, कष्टाळू, वर्गात नेहमी पहिल्या पाचांत’ या शब्दांचं तिथे काही वजन नाही. दुसऱ्या खेपेला एक पत्र तरी अशा व्यक्तीचं घ्या जिने तुम्हाला माणसांशी बोलताना पाहिलं आहे: हेल्पलाइनची समन्वयक, समाजसेवा विभागातल्या ताई, पॅलिएटिव्ह केंद्रातली परिचारिका. पद लहान असलं तरी चालेल. विभागप्रमुखांच्या सहीपेक्षा या पत्रातला एक खरा प्रसंग जास्त काम करतो. त्यांना लेखनाची सवय नसेल तर काय लिहावं हे सांगू नका. तुम्ही तिथे काय काय केलं याची तारीखवार टिपणी द्या आणि समितीला काय जाणून घ्यायचं असतं ते सांगा. पत्र त्यांचं असू द्या. मागायला दिवाळीपर्यंत थांबू नका, सप्टेंबरातच बोलून ठेवा.

एसओपी नवा लिहा. गेल्या वर्षीच्या मजकुरात दोन परिच्छेद घुसवून पाठवू नका. अनेक ठिकाणी जुना अर्ज त्यांच्याकडे असतो, आणि काही अर्जांत ‘मागच्या वेळेपासून काय बदललं?’ असा थेट प्रश्नच असतो. तो नसला तरी त्याचं उत्तर द्या. गेल्या वर्षी अर्ज केला होता हे लपवण्यात काही मिळत नाही. एका वाक्यात सांगा आणि या वर्षात काय शिकलात त्याकडे वळा. नकाराने किती दुःख झालं, याला तिथे जागा देऊ नका.

माझ्याकडे वाचायला येणारे एसओपी बहुतेक तीनच प्रकारे सुरू होतात: मेंडेलच्या वाटाण्यांनी, अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या शस्त्रक्रियेने, किंवा घरातल्या कोणाच्या आजाराने. पहिले दोन सोडून द्या. तिसरं खरं असेल तर ठेवा, पण त्यात नातेवाईक फक्त कारणापुरते येऊ नयेत. मावसभावाला ड्युशेन आहे आणि म्हणून मला हे करायचं आहे, इतक्यावर निबंध थांबतो. मावशीला पुढच्या गरोदरपणाआधी कोणी काही सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर ती काय करू शकली असती? तुम्ही तेव्हा घरात काय बोललात, आणि आज काय बोलला असता? समितीला वाचायचं असतं ते हे. अर्थात त्या कुटुंबाची ओळख पटेल असं काही लिहू नका. दुसऱ्याच्या आजाराबद्दल बोलण्याचा संयम तिथेही जोखला जातो.

एआयकडून निबंध लिहून घेण्याबद्दल अभ्यासक्रमांचे आपापले नियम आहेत, ते वाचा. नियम बाजूला ठेवला तरी असा निबंध या क्षेत्रात विशेष घातक ठरतो, कारण मुलाखतीत त्याच निबंधातल्या एका वाक्यावर बोट ठेवून ‘याबद्दल अजून सांग’ असं म्हणतात.

मुलाखतीत मराठी घर आडवं येतं

ज्यांना मुलाखती मिळाल्या आणि जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा भाग.

समजा प्रसंग दिला: ३८ वर्षांची गरोदर बाई, रक्तातून होणाऱ्या एनआयपीटी तपासणीत बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता जास्त दिसते आहे, नवरा म्हणतो आता थांबवू या, बाई गप्प आहे. तुम्ही काय कराल? आपला उमेदवार हुशार असतो. तो लगेच सांगतो की एनआयपीटी ही चाचपणी आहे, निदान नाही, म्हणून मी ॲम्निओसेंटेसिस करायला सांगेन, आणि मग त्याचे धोके समजावेन. माहिती अचूक आहे. पण बाई अजून गप्पच आहे, आणि उमेदवाराने तिच्याकडे पाहिलेलं नाही.

आपण वाढतो तेच सल्ल्यांच्या घरात. मोठ्यांनी सांगायचं, डॉक्टरांनी सांगायचं, शेजारच्या काकूंनीही सांगायचं. ‘मी तुमच्या जागी असते तर’ हे आपल्याकडे प्रेमाचं वाक्य आहे. जेनेटिक काउन्सेलिंगचा पाया मात्र असा आहे की निर्णय त्या कुटुंबाचा, आणि काउन्सेलरने त्यांना तो स्वतः घेता येईल इतकं समजावायचं, इतकं ऐकायचं. आपल्याकडच्या सिकलसेल मोहिमांत दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न टाळावं असा सरळ सल्ला दिला जातो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे गणित तिकडेही तेच आहे. पण तिथला काउन्सेलर लग्न करू नका असं सांगणार नाही. तुम्ही अशा मोहिमेत काम केलं असेल तर हा फरक तुमच्यासाठी अडचण नाही, सोनं आहे. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत असं सांगा. सार्वजनिक आरोग्याला ती भूमिका का घ्यावीशी वाटते, आणि दवाखान्यात समोर बसलेल्या जोडप्याच्या बाबतीत ती का पुरत नाही, हे आपल्या शब्दांत मांडा. असं उत्तर ओहायोत वाढलेल्या उमेदवाराला देता येणार नाही.

तसंच कायद्यांचं. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यामुळे गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. तिकडे ते सर्रास सांगतात. तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं, असा प्रश्न येऊ शकतो, आणि तुमची बाजू मांडताना समोरच्या देशाला नावं ठेवायची नाहीत. गर्भपाताबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी डॉब्ज खटल्यात निकाल दिल्यापासून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि प्रसूतिपूर्व काउन्सेलरचं रोजचं काम त्याने बदललं आहे. तुम्ही ज्या राज्यात अर्ज करता आहात तिथला नियम माहीत नसणं हे दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला शोभत नाही. २००८ चा जिना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखतो, आयुर्विम्यात रोखत नाही. हाही ठरलेला विषय आहे.

सराव आरशासमोर करू नका. मित्राला समोर बसवा, त्याला एखादी खरी अडचण सांगायला लावा, आणि दहा मिनिटं सल्ला न देता फक्त प्रश्न विचारा. फार कठीण जातं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. आपण किती वेळा मध्ये तोंड घातलं ते कळेल. मुलाखत ऑनलाइन असेल तर भारतात रात्री उशिरा येते, तेव्हा घरातल्यांना आधी सांगून ठेवा. उच्चारांची चिंता सोडा. घाईने बोलण्याची चिंता करा.

पसंतीची यादी

२०१८ पासून प्रवेश मॅचमधून होतात. मुलाखतींनंतर तुम्ही अभ्यासक्रमांचा क्रम लावता, ते उमेदवारांचा क्रम लावतात आणि संगणक जोड्या लावतो. ही पद्धत गेल आणि शॅपली या दोघांनी १९६२ मध्ये मांडलेल्या गणितावर उभी आहे. शॅपली आणि पुढे ती प्रत्यक्षात आणणारे ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे इथे सांगण्याचं कारण की आपले विद्यार्थी या यादीला अकरावीच्या किंवा सीईटीच्या ऑप्शन फॉर्मसारखं वापरतात आणि त्यात डोकं लढवतात. ‘मिशिगन मला घेणार नाही, म्हणून ते खाली टाकते आणि जिथे मुलाखत चांगली झाली ते वर.’ याने काहीही साधत नाही. गणित आधी तुमच्या पहिल्या पसंतीला विचारतं. तिथे जमलं नाही तर दुसरीकडे जातं, आणि दुसरीकडची तुमची शक्यता त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचं आहे त्याच क्रमाने लिहा.

दोन चुका मात्र खऱ्या आहेत. एक, मुलाखत झालेल्या चारांपैकी दोनच ठिकाणं यादीत घालणं, कारण बाकीची गावं लहान वाटली. त्या गावांत जायची तयारी असेल तर ती घालायलाच हवीत. दुसरी याच्या उलट: जिथे जायचं नाही, जिथला खर्च झेपणार नाही, ते ठिकाण ‘असू दे’ म्हणून घालणं. मॅचचा निकाल बांधील असतो. ‘तुम्ही आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार?’ असं विचारण्याची अभ्यासक्रमांना परवानगी नाही. कोणी विचारलं तर उत्तर देण्याचं तुमच्यावर बंधन नाही. मॅचनंतर काही जागा उरल्या तर त्यांची यादी न लागलेल्या उमेदवारांना मिळते. नकाराच्या दुःखात तो ईमेल न उघडता ठेवू नका.

पुन्हा करायचं का?

नातेवाईक विचारतात तो प्रश्न ‘एक वर्ष वाया घालवणार का?’ असा असतो, आणि तो चुकीचा आहे. हेल्पलाइनवर काढलेलं वर्ष वाया जात नाही, मॅच होवो न होवो. खरा प्रश्न पैशांचा आणि व्हिसाचा आहे, आणि त्यावर आई-बाबांशी कागद-पेन घेऊन बसा. शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून एक लाख डॉलरच्या घरात किंवा त्यापुढे सहज जातो. तेवढ्या कर्जावर परतफेडीचा हिशेब अमेरिकेतल्या पगारावरच बसतो, म्हणून पदवीनंतर तिथे काम करता येणं महत्त्वाचं. अर्ज करण्याआधी प्रत्येक अभ्यासक्रमाला विचारा की त्यांची पदवी व्हिसाच्या दृष्टीने स्टेम गटात येते का. येत असेल तर कामाचं एक वर्ष संपल्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. नसेल तर एकच. हे अभ्यासक्रमागणिक बदलतं आणि फार थोडे विद्यार्थी विचारतात. विद्यापीठांशी जोडलेल्या ना-नफा रुग्णालयांना एच-१बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या तिथेच आहेत; मात्र एच-१बीचे नियम आणि शुल्क सध्या बदलत आहेत, म्हणून गेल्या वर्षी मित्राने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

दुसरी वाट कमीपणाची नाही. ब्रिटनमध्ये कार्डिफ आणि ग्लासगो, ऑस्ट्रेलियात मेलबर्न आणि सिडनी इथे अभ्यासक्रम आहेत. भारतात मणिपालला जेनेटिक काउन्सेलिंगची एमएस्सी आहे. पण अमेरिकेत परीक्षा देऊन प्रमाणित काउन्सेलर व्हायचं असेल तर एसीजीसीची मान्यता असलेली पदवी लागते, आणि एका देशातली पदवी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. जिथे काम करायचं आहे तो देश आधी ठरवा, मग अभ्यासक्रम. प्रयोगशाळेत जनुकातले बदल वाचून अहवाल तयार करणारे विश्लेषकही लागतात. ज्यांना रुग्णासमोर बसण्यापेक्षा ते काम जास्त आवडतं, त्यांनी हे स्वतःशी कबूल करायला हरकत नाही. अभिप्रायात वारंवार एकच उणीव येत असेल आणि वर्षभर माणसांसोबत काम करूनही ते ओझंच वाटलं असेल, तर तिसरा अर्ज करू नका, असं माझं मत आहे. काम आवडलं आणि फक्त जागा मिळाली नाही, तर जरूर करा.

ठरलं असेल तर वेळापत्रक असं: मेमध्ये अभिप्रायाचे ईमेल, कारण तिकडच्या उन्हाळ्याच्या मध्यावर अभ्यासक्रमाचे लोक नव्या वर्गाच्या तयारीत गुंततात. जूनपासून एकाच ठिकाणी नियमित काम. सप्टेंबरात पत्रांसाठी बोलणं आणि मॅचच्या संकेतस्थळावर नव्याने नोंदणी. गेल्या वर्षीचा क्रमांक चालत नाही. यादी मोठी करण्यापेक्षा परदेशी विद्यार्थी घेणारे आठ-दहा अभ्यासक्रम नीट निवडा आणि प्रत्येकासाठी एसओपीचा शेवटचा भाग वेगळा लिहा. अर्जांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात, आणि शेवटची तारीख तिकडच्या घड्याळाप्रमाणे असते की आणखी कुठल्या, हे प्रत्येक ठिकाणी तपासून घ्या.